हब डायनॅमो: आठ महिने आणि पानगळीतली एक सफर

सायकलच्या पुढच्या चाकात हब डायनॅमो, म्हणजे चाकाच्या तुंब्यातच बसून दिव्यासाठी वीज तयार करणारं यंत्र, बसवून आठ महिने झाले. पहिले सात महिने तो रोजच्या जाण्या-येण्यात होता. तेव्हा लिहायला बसले असते तर दोन ओळींत आटपलं असतं: दिवा लागतो, चार्जिंगची आठवण ठेवावी लागत नाही. मग ऐन पानगळीत तीन दिवसांची, साधारण १९० किलोमीटरची सफर एकटीने केली आणि या वस्तूची खरी ओळख तिथे झाली.

टायरला घासून घरघरणारा बाटलीसारखा जुना डायनॅमो बऱ्याच जणांना आठवत असेल. टायर ओला झाला की तो घसरायचा आणि नेमका पावसात दिवा मिणमिणायचा. हब डायनॅमोत टायरला घासणारं काहीच नाही. चाकाच्या तुंब्यातच सगळा कारभार: आस जागच्या जागी, तिच्यावर तारेचं वेटोळं, आणि भोवती चुंबकांचं कडं चाकाबरोबर फिरतं. ठरलेलं माप ६ व्होल्ट, ३ वॅट. उतारावर वेग दुप्पट झाला तरी वेटोळंच प्रवाहाला आवर घालतं, तो अर्ध्या अँपिअरच्या आसपास राहतो आणि दिवा उडत नाही. चाक हाताने फिरवलं तर मात्र अडखळत फिरतं. पहिल्या दिवशी मी घाबरून ते परत करायला निघाले होते! चालवताना ते अडखळणं अजिबात जाणवत नाही.

‘जड जात नाही का?’ हा प्रश्न सगळेच विचारतात. दिवा चालू असताना हा साधारण पाच-सहा वॅट खातो. सपाट रस्त्यावर निवांत चालवताना आपले पाय शंभरेक वॅट देतात, म्हणजे ताशी २० किलोमीटरमधला फार तर अर्धा किलोमीटर कमी होत असेल. मला तो कधी कळला नाही. समोरचा वारा कळतो, भरलेल्या पिशव्या कळतात, हा नाही.

आता सफर. उत्तर गोलार्धात शरद संपाताच्या, म्हणजे २२-२३ सप्टेंबरच्या आसपास दिवस सर्वात झपाट्याने लहान होतो. ५० अंश अक्षांशावर रोज जवळजवळ पावणेचार मिनिटं जातात, आठवड्यात पंचवीसेक. सफर महिनाभर आधी आखून ठेवली की हा हिशेब हमखास चुकतो, तसा माझाही चुकला. पहिल्याच दिवशी मुक्कामाला बारा किलोमीटर बाकी असताना अंधार पडला. दोन्ही बाजूंना झाडं, रस्त्यावर ओल्या पानांचा थर, आणि मागून दिवा दाखवणारं सोबतीला कुणी नाही.

तिथे दिव्याने सोनं केलं. माझ्या दिव्याचा झोत मोटारीच्या दिव्यासारखा वरून कापलेला आहे, त्यामुळे उजेड झाडांत न सांडता रस्त्यावर पडतो. बॅटरीच्या दिव्याबरोबर मनात सतत एक आकडेमोड चालते: किती टक्के उरले, मंद करू का, मोबाइलसाठी वाचवू का. ती त्या रात्री नव्हती. मी पाय मारत होते तोवर उजेड होता. पानांखालचे खड्डे मात्र कुठलाच दिवा दाखवत नाही. वळणावर ब्रेक न लावता, सायकल फार न कलवता, सावकाश जायचं, दुसरा उपाय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं. हँडलवरचा दिवा डोळ्यांच्या जवळ असतो, त्याचा उजेड धुक्यावरून उलटा डोळ्यांत येतो. माझा दिवा खाली, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या माथ्यावर आहे, म्हणून ती पांढरी भिंत बरीच विरळ दिसली. बसवताना ही जागा मी केवळ हँडलवर पिशवी लावायची म्हणून निवडली होती. फुकटचं शहाणपण!

आता तक्रारी. पहिली चार्जिंगची. यूएसबीचं यंत्र जोडलं की मोबाइल भरत राहील, हे अर्धसत्य आहे. ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर म्हणजे अडीच वॅट. चार हजार एमएएचची बॅटरी भरायला सात-आठ तास सलग, बऱ्या वेगाने चालवायला हवं. चढावर वेग दहाच्या खाली गेला की चार्जिंग तुटतं, उतारावर पुन्हा जुळतं, आणि प्रत्येक वेळी मोबाइलचा पडदा उजळून उलट बॅटरी खातो. दुपारपर्यंत माझे टक्के वाढण्याऐवजी तीनाने घटले होते. तेव्हापासून मी पॉवर बँक भरते आणि रात्री त्यावरून मोबाइल. दिवा आणि चार्जिंग दोन्ही एकदम मागू नका, तेवढी वीज नाहीच.

दुसरी तक्रार हबची कमी आणि माझी जास्त. तिसऱ्या दिवशी, संध्याकाळ व्हायला तासभर असताना, पानांत लपलेल्या काट्याने पुढचं चाक पंक्चर केलं. घाईत क्विक रिलीज (चाक झटकन सोडवायची कळ) सोडला, चाक ओढलं, आणि वायरचं कनेक्टर काढायचं राहिलं. तट्कन तुटली. साध्या चाकात ही भानगडच नसते. ट्यूब बदलली, सुरीने वायरचं आवरण सोललं, तांब्याचे धागे पिळून कनेक्टरच्या टोकांत कोंबले, वर चिकटपट्टी. वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, आणि माझ्या दिव्याला दोन्ही तारा स्वतंत्र, म्हणून कुठली कुठे याची चिंता नव्हती. चाक हाताने गरकन फिरवलं तर दिवा लुकलुकला. हळू फिरताना तो तसाच लुकलुकतो, बिघाड नव्हे.

मागचा दिवा सायकल थांबल्यावरही कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर चारेक मिनिटं जळतो. पंक्चर काढायला बसले तेव्हा पाठीमागून येणाऱ्यांना तोच मला दाखवत होता. पण काम पंधरा मिनिटं चाललं, आणि पुढची अकरा मिनिटं मी रस्त्याकडेला नुसती सावली. खिशात मावणारा बॅटरीचा एक लाल दिवा म्हणूनच आता पिशवीत कायम असतो.

वजन साध्या हबपेक्षा पाव किलोने तरी जास्त, आणि दुसऱ्या सायकलीला न्यायचा तर चाकच न्यावं लागतं. बेअरिंग अजून गप्प आहेत, आरेही ताठ. तुटलेली वायर बदलली आहे. या वेळी तिला हातभर ढील ठेवली आणि कनेक्टरवर लाल चिकटपट्टी लावली, घाईतही डोळ्यांत खुपावी अशी.