उघडा उतार: दाट रोपवन की खुंटांची राखण?

कोकणातला जांभ्याचा उतार पुन्हा झाडाखाली आणायचा तर हल्ली दोन वाटा सुचवल्या जातात: मियावाकी पद्धतीचे (जमीन खोल खणून, खत भरून रोपे अगदी जवळजवळ लावायची जपानी पद्धत) दाट रोपवन, नाहीतर आहे ते रान नुसते राखणे. हिरवाई लवकर दिसते ती पहिल्या वाटेने, यात वाद नाही.

अडते ते पाण्यापाशी. चौरस मीटरला 3 रोपे, म्हणजे एकरी सुमारे 12,000. रोपाला 2 लिटर धरले तरी एका फेरीला 24,000 लिटर. दहा हजारी टँकर अडीच, तेही एप्रिलात, चढावर. पावसाळ्यात तरी ही काळजी नसावी, तर आता जुलै-ऑगस्टातच पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडते आणि भर श्रावणात पाइप ओढावा लागतो. मग एखाद्या दिवशी असा कोसळतो की मीटरभर खोल भुसभुशीत केलेली माती ओघळून पायथ्याशी येते. खणण्याचा आणखी एक तोटा सहसा कोणी धरत नाही. माती फुटून हवा शिरली की जिवाणू तिच्यातला सेंद्रिय कर्ब झपाट्याने खातात. माती तापलेली असेल तर अधिकच. भरलेले शेणखत ही तूट काही काळ झाकते, इतकेच.

दुसऱ्या वाटेचा आधार म्हणजे जुने खुंट. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, वर्षानुवर्षे तोडलेल्या ऐन-किंजळाच्या झाडांच्या खुंटांची मुळे कातळाच्या भेगांत उतरलेली असतात. उघडीप त्यांना फारशी जाणवत नाही. गुरे आणि कुऱ्हाड बंद करायची, थंडीत प्रत्येक खुंटावर दोन-तीन सरळ फुटवे ठेवून बाकीचे बुडाशी कोयत्याने काढायचे, पाला तिथेच पसरायचा. खोट एकच, पण मोठी: चराई थांबली की गवत कमरेएवढे वाढते आणि वणव्याला आयते जळण मिळते. म्हणून डिसेंबरात गवत कापून बाहेर न्यायचे आणि फेब्रुवारीच्या आत कडेने निदान 3 मीटर रुंद जाळरेषा (आग अडवायला गवत-पाला काढून मोकळा केलेला पट्टा) काढायची. वणवा लागलाच तरी खुंट बहुधा पुन्हा फुटतो; रोप गेले ते गेलेच.

जेसीबीने सपाट केलेल्या जागेवर किंवा शहरातल्या चार गुंठ्यांवर, जिथे नळ हाताशी आहे, तिथे रोपवनच बरे. पण गुंठ्याला चार-पाच जिवंत खुंट सापडत असतील तर आमच्या मते खड्डे खणू नयेत. खुंट मोजायचे ते पहिल्या पावसानंतर, जूनअखेरीस. मे महिन्यात ते मेल्यासारखेच दिसतात.