कॉल ऑफ द व्हॅली: आठ-नऊ महिने एलपीवर ऐकल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय त्यांचा वेळ वाचेल. रेकॉर्ड जरूर घ्या. जुनी घेत असाल तर दुसऱ्या बाजूचा शेवट तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि घरात तो पेटीसारखा उघडणारा, आतच स्पीकर असलेला प्लेअर असेल, तर ही रेकॉर्ड कृपा करून त्याच्यावर लावू नका. कारणं पुढे येतीलच.

अल्बमची ओळख बहुतेकांना असेल. 1967 साली एचएमव्हीने काढलेला. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काब्रा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस, अशी त्यामागची कल्पना. पहिले तिघे तेव्हा तिशीच्या आसपासचे होते, आणि तिघांचीही वाद्यं मैफलीत मुख्य जागी बसवायला लोक कचरत होते. संतूर हे काश्मीरच्या सुफियाना मौसिकीतलं, म्हणजे तिथल्या सुफी गायनातलं, साथीचं वाद्य. गिटार तर परदेशी. बासरीला पन्नालाल घोषांनी मान मिळवून दिला होता, तरी तिच्याकडे लोकसंगीतातलं वाद्य म्हणूनच पाहणारे पुष्कळ होते.

या सगळ्याचे निर्माते होते जी. एन. जोशी. हे नाव मराठी माणसाने विसरू नये. शिक्षणाने वकील, आणि ना. घ. देशपांड्यांची 'रानारानात गेली बाई शीळ' गाऊन मराठी भावगीताला वाट करून देणारे गायक. पुढे एचएमव्हीत रुजू झाले आणि कितीतरी मोठ्या कलावंतांना माइकसमोर बसवलं. उमेदीच्या काळात रानातल्या शिळेचं गाणं गाणाऱ्या माणसाच्या हातून पुढे मेंढपाळाचा अल्बम निघावा, याची मला उगाचच गंमत वाटते.

आमच्याकडे याची कॅसेट होती. वर्षानुवर्षं वाजून तिचा आवाज इतका दबला होता की बासरी शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाटायची. मग मोबाइलवर ऐकत राहिलो. रेकॉर्ड मिळाली ती मात्र गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर, चोर बाजारात मटण स्ट्रीटवर. नऊशे रुपयांना. कव्हरच्या दोन कडा सुटलेल्या, पाठीमागे बॉलपेनने कुणीतरी लिहिलेलं: 'साइड 2 जपून'. दुकानदाराने तो मजकूर अंगठ्याने झाकून कव्हर दाखवलं, तेव्हाच भाव खाली आणायला हवा होता.

'साइड 2 जपून' म्हणजे काय ते घरी आल्यावर कळलं. एलपीची एक फेरी 1.8 सेकंदांत होते, सुई बाहेरच्या कडेला असो की लेबलजवळ. बाहेर त्या एका फेरीत सुई सुमारे 90 सेंटिमीटर चालते, आत येईपर्यंत तेच अंतर 40 च्या आसपास येतं. म्हणजे तेवढ्याच वेळाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. झिजलेली किंवा जड सुई तिथे अडखळते, आणि उंच, तार सूर आधी फाटतात. या अल्बमच्या दुसऱ्या बाजूला शेवटी आहे पहाडी राग, आणि पहाडीत बासरी. आधीच्या मालकाच्या हातून नेमकी तिचीच वाट लागली असणार.

पेटीसारख्या प्लेअरबद्दल जे म्हटलं ते यासाठीच. त्यातल्या बऱ्याच प्लेअरना सिरॅमिक कार्ट्रिज (सुई ज्यात बसवलेली असते तो भाग) असतं आणि सुईचा दाब पाच ग्रॅमच्या घरात. माझ्या साध्या बेल्टवाल्या टर्नटेबलवर मुव्हिंग मॅग्नेट या दुसऱ्या प्रकारचं कार्ट्रिज आहे, दाब दोन ग्रॅमच्या आसपास ठेवतो. फरक कानाला लगेच कळतो, कारण संतूर हे सुईची परीक्षा बघणारं वाद्य आहे. अक्रोडाच्या लाकडाची कलम, म्हणजे वाजवायची काडी, तारेवर आपटते तो क्षण एकदम टोकदार असतो. सुई बरी नसेल तर त्याच्या जागी नुसता 'टक' ऐकू येतो, सूर मागून येतो. सुई नवी घातल्यावर तो टक आणि सूर एकत्र आले, आणि इतकी वर्षं जे आपण टेपवर ऐकलं ते निम्मंच होतं हे लक्षात आलं.

पहाडीची खरखर पूर्ण गेली नाही, जाणारही नाही. झिजलेली खाच कुठल्या साबणाने भरून येत नाही. बाकी रेकॉर्ड डिस्टिल्ड वॉटर आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब घालून मऊ कापडाने धुतली. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, गोलगोल पुसायचं, आडवं कधीच नाही. पावसाळ्यात ठाण्याच्या हवेत जुन्या कागदी पाकिटाला ओल धरते आणि रेकॉर्डवर बुरशीचे पांढरे ठिपके येतात. ते पाकीट फेकून आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं घेतलं. देसमध्ये एक ओरखडा आहे, तो टिकटिक करतो. आता तो न वाजता देस ऐकला तर मलाच चुकल्यासारखं वाटेल.

आता संगीताकडे येतो. इतके महिने ऐकून जी गोष्ट मला सगळ्यात जास्त पटली ती ही की हा अल्बम दोन बाजूंच्या तबकडीसाठी जन्माला आला. पहिल्या बाजूला अहीर भैरव आणि नट भैरव एकाच तुकड्यात, मग पिलू. दुसरीला भूप, देस, पहाडी. म्हणजे पहिल्या बाजूवर पहाट ते दुपार, आणि उलटवली की संध्याकाळ ते रात्र. प्रत्येक बाजू वीसेक मिनिटांची. मी पहिली बाजू सकाळी लावतो, डबे भरायच्या वेळी. दुसरी रात्री जेवणं उरकल्यावर. रागांच्या वेळा मानणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. न मानणाऱ्यालाही हळूहळू सवय लागते, आमच्या हिला रागातलं ओ की ठो कळत नाही, पण एकदा मी रात्री पहिली बाजू लावली तर म्हणाली, "आत्ता हे? डबा विसरल्यासारखं वाटतंय."

मोबाइलवर हेच सलग ऐकलं तर दिवस सुरू होऊन संपतो आणि आपण अजून बदलापूर लोकलमध्ये उभेच. शिवाय लोकलमध्ये हा अल्बम चालतच नाही. संतूरचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो, आणि त्या विरण्यातच त्याची सगळी मजा. गाडीच्या खडखडाटात ते विरणं बुडून जातं आणि हाती नुसते ठोके उरतात. फुकटच्या अ‍ॅपवर तर पिलूनंतर कर्जाची जाहिरात आली होती. त्यावर अधिक बोलत नाही.

संतूरला मींड नाही, हीच त्या काळी जाणकारांची मोठी तक्रार होती. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं तर तार ओढावी लागते किंवा तिच्यावरून काही सरकवावं लागतं, आणि संतूरवर ते करता येत नाही. शिवकुमारांनी कलम तारेवर अलगद घरंगळवून सूर लांबवण्याची रीत बसवली. त्याच्या शेजारी काब्रांची गिटार ठेवून पाहा. मांडीवर आडवी, तारांवरून धातूची कांडी फिरवत वाजवलेली. तिच्यात मींडेशिवाय दुसरं काही नाहीच म्हणा. त्यांनी उस्ताद अली अकबर खाँसाहेबांकडे तालीम घेतली होती, आणि सरोदच्या अंगाने विचार करणारा माणूस गिटार कशी वाजवतो ते अहीर भैरवच्या कोमल रिषभावर नीट ऐकू येतं. म्हणजे एक वाद्य सूर सोडून देणारं, एक सूर ओढत नेणारं, आणि तिसरं फुंकरीवर जगणारं. तिघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या जागेत पाय ठेवत नाही. जुगलबंदीत हमखास येणारी चढाओढ इथे नाही, आणि पन्नासाव्यांदा ऐकतानाही कंटाळा न येण्याचं माझ्या मते तेच कारण. कुणी जिंकल्याचं एकदा कळलं की पुन्हा ऐकायला फारसं काही उरत नाही.

भूपवरून मात्र आमच्या घरात वाद आहे. शास्त्राप्रमाणे भूप हा रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, आणि अल्बममध्ये तो बरोबर त्याच जागी, दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला आहे. पण मराठी घरात हे सूर झोपेतून उठवायला येतात. आईच्या कानात आकाशवाणीच्या पहाटेच्या भूपाळ्या आणि 'घनश्याम सुंदरा' इतकं मुरलेलं आहे की रात्री साडेनऊला सा रे ग प ध ऐकलं की तिला दूधवाला आठवतो. "अरे, निजायच्या वेळी भूपाळी कसली लावतोस?" मी तिला रागाची वेळ समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तुझा मेंढपाळ रात्रपाळीला असेल." तेव्हापासून ती दुसरी बाजू देसपासून लावायला सांगते. सुई मधल्या कोऱ्या पट्टीवर टेकवायची म्हणजे हात स्थिर लागतो. चष्मा लावून ते काम तीच माझ्यापेक्षा चांगलं करते.

तिला पहाडी आवडते, आणि त्याला 'ते सिलसिलावाल्यांचं' म्हणते. त्यात तिची चूक नाही. शिवकुमार आणि हरिप्रसाद यांनी 1981 च्या त्या चित्रपटापासून शिव-हरी या नावाने संगीत दिलं, आणि त्यातल्या कितीतरी वळणांची चुणूक या पहाडीत चौदा वर्षं आधी ऐकू येते.

खालच्या मजल्यावरचे काका जुन्या पठडीतले, किराणा घराण्याच्या गायकीचे भक्त. त्यांचं मत असं की हे शास्त्रीय संगीत म्हणजे उपासाची मिसळ. बारा मिनिटांत दोन भैरव कसले उरकता, असं ते विचारतात. त्यांचा मुद्दा मी सोडून देत नाही. इथे बढत, म्हणजे राग सावकाश उलगडत नेणं, नाही. पहिल्या तुकड्यात आलापी रंगात येते न येते तोच पुढे सरकावं लागतं, आणि नट भैरवचा कोमल धैवत मनात बसायच्या आत पिलू दारात उभा. अहीर भैरव पोटभर हवा असेल तर अर्ध्या-पाऊण तासाचं गाणं ऐकावं, ही रेकॉर्ड त्याची गरज भागवणार नाही. देस तर मला दर वेळी अर्ध्यावर तोडल्यासारखा वाटतो. जुलैत बाहेर धो धो पाऊस आणि आत सहा-सात मिनिटांचा देस, म्हणजे अन्यायच.

पण काकांना जे दिसत नाही ते असं की या पाच तुकड्यांत पाल्हाळ नाही. सुरुवातीला मला अहीर भैरवचं वेड होतं आणि पिलू म्हणजे मधली जागा भरायला टाकलेला तुकडा वाटायचा. आता उलट झालंय. पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद, ठुमरीचा स्वभाव. तीन वाद्यं एकमेकांच्या हातून वाक्य घेतात आणि भलतीकडेच नेऊन सोडतात. अहीर भैरव पहिल्याच दिवशी जिंकतो. पिलूला चार-पाच महिने द्यावे लागले, आणि आता सकाळी घाई असली तर मी सरळ तिथूनच सुरू करतो.

मेंढपाळाच्या गोष्टीचं म्हणाल तर ती मला पहिल्या आठवड्यानंतर लागली नाही. पाहुण्यांना सांगायला बरी. एका आतेभावाला सांगितली तर तो शेवटपर्यंत मेंढ्या कुठे येतात ते शोधत बसला.

आमच्याकडे दर वर्षी हमखास निघणारा दुसरा अल्बम म्हणजे संगीतकार श्रीनिवास खळे, म्हणजे खळेकाका, आणि लताबाईंचे 'अभंग तुकयाचे'. त्याच्याशी तुलना करायची तर तो आषाढीला निघतो आणि चार दिवस घर भरून टाकून पुन्हा कपाटात जातो. हा कपाटात जातच नाही, प्लेअरशेजारीच उभा असतो. जे रोज ऐकायचं त्यात शब्द नसलेले बरे, असं माझं आपलं मत.

घेणाऱ्यांसाठी शेवटचं. जुनी एलपी ट्यूबलाइटखाली तिरकी धरा आणि दुसऱ्या बाजूला लेबलजवळचा बोटभर भाग बघा. तो बाकीच्या रेकॉर्डपेक्षा करडा, निस्तेज दिसत असेल तर पहाडी गेलेली आहे. दुकानदार कितीही 'मिंट', म्हणजे अगदी नव्यासारखी, म्हणो. वाकलेली असेल तर सुई वरखाली होताना बघून ठरवा, थोडा बाक चालतो. प्लेअर नसेल तर सीडी घ्या, तिच्यात पहाडी धडधाकट मिळते. फक्त नंतर निघालेल्या एका सीडीवर मूळ पाच तुकड्यांमागे आणखी काही तुकडे जोडलेले आहेत. वाईट नाहीत, पण ते या दिवसातले नाहीत. पहाडी संपली की बंद करा.