बर्गमन की सेगो: आधी कोणतं प्रक्षेपण?

नांदेड-परभणीकडची एमएस्सी झालेली, अनेक संमिश्र चलांकडे वळणारी मुलं हे विचारतात. माझं उत्तर ठाम आहे: आधी बर्गमन.

दोन्ही लंब प्रक्षेपणंच: दिलेल्या फलनाच्या सर्वांत जवळचं होलोमॉर्फिक (संमिश्र अर्थाने विकलनीय) फलन काढणारी. बर्गमन प्रांताच्या आतल्या वर्ग-समाकलनीय फलनांवर चालतं, सेगो सीमेवरच्या फलनांवर. एकक गोलावर दोघांची कर्नल (ज्या फलनाने गुणून समाकलन केलं की प्रक्षेपण मिळतं ते) जुळ्यांसारखी: छेदात एक वजा अंतर्गुणाकार, बर्गमनला घात एन अधिक 1, सेगोला एन (एन म्हणजे संमिश्र चलांची संख्या).

खरा फरक रूपांतरणात. द्वि-होलोमॉर्फिक (स्वतः आणि व्यस्तही होलोमॉर्फिक अशा) चित्रणाखाली बर्गमन कर्नल जेकोबियनच्या गुणकांसह नेमकं बदलतं. सेगो सीमेवरच्या मापावर अवलंबून असल्याने ही सोय सहसा नसते. गणितज्ञ चार्ल्स फेफरमन यांनी 1974 साली बर्गमन कर्नलचं सीमेजवळचं वागणं उलगडूनच दाखवलं, की गुळगुळीत, काटेकोर स्यूडोकॉन्व्हेक्स (बहिर्वक्रतेचं संमिश्र रूप असलेल्या) प्रांतांमधली अशी चित्रणं सीमेपर्यंत गुळगुळीत राहतात. किती सुंदर निकाल आहे हा!

हार्टोग्ज त्रिकोणावर (ज्यात पहिल्या चलाचं मापांक दुसऱ्याच्या मापांकापेक्षा कमी आणि तो 1 पेक्षा कमी, असा प्रांत) मात्र बर्गमन एल-पी अवकाशांत (ज्यांच्या मापांकाचा पी-वा घात समाकलनीय, अशी फलनं) फक्त 4/3 आणि 4 यांच्यामधल्या पी साठीच बद्ध असतं. द्वि-होलोमॉर्फिक चित्रणाने त्रिकोण चकती गुणिले छिद्र पडलेली चकती होतो, एवढं ओळखलं की हे वहीवर करता येतं. जरूर करा.

सीमामूल्यं आणि हार्डी अवकाश (सीमेवर वर्ग-समाकलनीय मूल्यं असलेली होलोमॉर्फिक फलनं) यांचीच ओढ असेल, तर सेगोपासून निघालात तरी चालेल.