गोणी न उघडता स्कॅन मारू नका

बडोद्यात पार्सल डिलिव्हरीचं काँट्रॅक्ट घ्यायचा विचार करणाऱ्या आपल्या मराठी मुलांसाठी हे लिहितोय. आठ महिन्यांत माझे जवळजवळ साडेपाच लाख गेले. ते कसे गेले हे मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधी कळावं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये काम सुरू केलं. मकरपुरा जीआयडीसीतली नोकरी सुटली होती, पीएफचे पैसे हातात होते. पार्सल कंपनीशी माझा थेट करार नव्हता. मधे एक मोठा व्हेंडर होता, मी त्याच्या हाताखाली. तो मराठीच. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आला, आईला काकू म्हणाला, चहा घेतला. "भाऊ, कंपनीचं काम आहे, पैसा कुठे जात नाही." दीड लाखाचं डिपॉझिट आणि सही केलेले दोन कोरे चेक मी त्याच दिवशी दिले. डिपॉझिट त्याने फर्मच्या नाही, मेव्हण्याच्या बचत खात्यात घेतलं. मी तेव्हाच थांबायला हवं होतं.

डिलिव्हर झालेल्या पार्सलमागे मला १६ रुपये मिळायचे, त्यातले ११ डिलिव्हरी करणाऱ्या मुलांना. सात मुलं, दिवसाला साडेतीनशेच्या आसपास पार्सलं. उरलेल्या पाच रुपयांत गाळ्याचं भाडं, टेंपोचा हप्ता, डिझेल. म्हणजे दोन हजारांचं एक पार्सल गहाळ झालं की चारशे डिलिव्हऱ्यांची कमाई गेली. हे गणित आधी डोक्यात पक्कं बसवा.

माल सीलबंद गोण्यांतून यायचा. सकाळी सहाला टेंपो लागला की व्हेंडरचा माणूस गोणीवरचा बारकोड स्कॅन करायला लावायचा. एक बीप, आणि आतली सगळी पार्सलं आमच्या नावावर 'मिळाली' म्हणून चढायची. "मोजायला वेळ नाही, ड्रायव्हरला अजून दोन ठिकाणी जायचंय." गोणी उघडली की एखादा नग कमी. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: तुमच्याकडे स्कॅन झालंय, तुमच्याकडूनच गेलं. महिनाअखेरीला बिलातून 'शॉर्टेज' म्हणून पूर्ण किंमत कापली जायची. मी माझ्याच मुलांवर संशय घेतला. एकाला तर कामावरून काढलं. त्याची मी घरी जाऊन माफी मागितली आहे, पण तो सल अजून जात नाही.

जूनमध्ये एक गोणी उचलताना हलकी वाटली. कॅमेऱ्यासमोर उघडली. कागदावर ३८ नग, आत ३५. जे तीन नव्हते ते तिन्ही मोबाइल. तोंडाला पिवळं प्लॅस्टिकचं सील होतं, त्यावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर वेगळा. म्हणजे हबवर, कंपनीच्या माल वाटपाच्या केंद्रावर, लावलेलं सील वाटेत तोडून दुसरं लावलं होतं. नंतर कळलं की हबवरून निघालेला टेंपो आमच्याकडे येण्याआधी रोज व्हेंडरच्या गोदामात थांबायचा.

तरीही मी काम सोडलं नाही, कारण दोन बिलं अडकलेली होती. फसलेला माणूस असाच अडकत जातो. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, कारेलीबागेतल्या आमच्या गाळ्यात पाणी शिरलं. भिजलेल्या पार्सलांचे फोटो आणि यादी पाठवली. "विमा आहे, काळजी करू नका" व्हेंडर म्हणाला, आणि पुढच्या बिलातून सगळी रक्कम कापली.

सप्टेंबरअखेर मी थांबलो. त्यानंतर कागद तपासले. जे आधी पाच मिनिटांत कळलं असतं ते तेव्हा कळलं. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर भलत्याच फर्मचं नाव आलं. टीडीएस, म्हणजे बिलातून आधीच कापला जाणारा आयकर, त्याने दोन टक्के कापला होता. माझ्यासारख्या एकट्या ठेकेदाराला तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम १९४सी खाली तो एक टक्का लागायचा. आणि कापलेल्यातला एक रुपयाही माझ्या २६एएसमध्ये, म्हणजे नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या आयकर खात्याच्या उताऱ्यात, दिसत नव्हता. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मी केलीच नव्हती. ती काम सुरू करण्याआधी करून घ्या, फुकट होते. लहान उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत द्यावंच लागतं, असं एमएसएमई कायदा सांगतो.

नोव्हेंबरमध्ये त्याने माझ्या कोऱ्या चेकवर तीन लाख लिहून तो बँकेत टाकला. चेक परत गेला आणि चेक न वटल्याची, कलम १३८ ची नोटीस आली. ती हातात पडल्यापासून रक्कम भरायला पंधरा दिवस असतात. घाबरून बसू नका, त्याच दिवशी वकील गाठा. माझं उत्तर बिलं आणि सीलच्या फोटोंसकट मुदतीत गेलं. केस चालू आहे.

मुलांचे शेवटच्या महिन्याचे पैसे मी टेंपो विकून दिले. मांडवीकडच्या पोळांत, म्हणजे जुन्या अरुंद गल्ल्यांत, जिथे टेंपो शिरत नाही तिथे हीच मुलं खांद्यावर पोतं घेऊन उन्हात फिरली होती. त्यातली तिघं आज पुन्हा माझ्याबरोबर आहेत. आता माल आम्ही स्वतः हबवरून उचलतो. आधी सीलचा नंबर आणि कागद एकाच फोटोत घेतो, मग तिथेच गोणी फोडून एकेक नग स्कॅन करतो. त्यात चाळीस मिनिटं जातात. हबवाले कुरकुरतात, पण मोजून झाल्याशिवाय मी सही करत नाही.