लॅम्प ठीक आहे, सोबतचा थर्मामीटर मात्र एक नंबर थापाड्या

आमच्याकडे रेड इअर्ड स्लायडर जातीचं पाण्यातलं कासव आहे, पाठ साधारण 12 सेंटीमीटर. त्याच्यासाठी हा क्लॅम्पवाला बास्किंग लॅम्प, म्हणजे दगडावर बसून ऊन खायला लावायचा दिवा, घेतला. 75 वॉटचा बल्ब, सिरॅमिक होल्डर आणि काचेला चिकटवायचा गोल काट्याचा थर्मामीटर, असा सेट आहे. तीन महिने वापरून लिहितोय.

पहिला आठवडा कासव दगडावर चढायचं, अर्धा मिनिट बसायचं की धप्पकन पाण्यात. मला वाटलं नवीन दिवा आहे, बुजलं असेल, थर्मामीटर बघावा तर काटा 31 वर, म्हणजे सगळं ओके. शेवटी मित्राची इन्फ्रारेड गन (लांबूनच तापमान मोजते ती) आणून दगडावर धरली तर 44! तीनदा बघितलं, तेवढंच. बिचारं तव्यावर चढत होतं आणि मी त्याला भित्रं म्हणत होतो.

आता काचेवर चिकटवलेला थर्मामीटर काचेजवळच्या हवेचंच तापमान सांगणार हे कळतंय, पण मग बॉक्सवर 'बास्किंग टेम्परेचर मोजा' असं छापायचं कशाला? बरं, तो काढून थेट दगडावर ठेवून बघितला तरी साहेब 35 च्या वर जाईनात.

स्लायडरला बसायच्या जागी 32 ते 35 डिग्री लागतं, पाणी 24 ते 27 च्या आसपास पुरतं. हा फरक पाहिजेच, कारण त्याला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, ऊन खायचं आणि तापलं की पाण्यात जायचं, असंच त्याचं चालतं. जागा थंड राहिली तर खाल्लेलं नीट पचत नाही, कवचही धड वाळत नाही.

मग लॅम्प 20 सेंटीमीटरवरून 30 वर नेला, दगड आला 34 वर, म्हटलं जमलं. पण खरी गोम पुढे आहे, कासव बसलं की त्याची पाठ दगडापेक्षा चांगली 5 सेंटीमीटर वर येते ना, म्हणजे बल्बच्या तेवढी जवळ. तेवढ्याच उंचीचा लाकडी ठोकळा ठेवला, तासभर लॅम्प चालू ठेवला आणि ठोकळ्याचा माथा मोजला तर 38. अजून थोडा वर घेतला, आता ठोकळ्यावर 34 आहे. गन काचेबाहेरून मारू नका हां, ती काचेचंच तापमान दाखवते, आमचा एक दिवस त्यातच गेला.

क्लॅम्पची पकड मस्त आहे पण मान हळूहळू खाली येते, आणि लॅम्प वाकला म्हणजे तापमान परत वाढलं, शिवाय पाण्यात पडायची भीती. मी तारेने बांधून टाकलाय. टायमर नाही, दिवसाचे 10-12 तास आपणच चालू-बंद करायचा.

बॉक्सवर सूर्याचं चित्र बघून फसू नका, हा बल्ब फक्त उष्णता देतो. यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची ट्यूब वेगळी लागते, ती पण काचेच्या झाकणावरून लावून उपयोग नाही, काच यूव्हीबी अडवते.

लॅम्पला 4 स्टार, थर्मामीटरला 0. कासव आता मागचे पाय ताणून तासभर पडलेलं असतं. थर्मामीटर परत काचेला लावला तो आता असा घट्ट बसलाय की निघता निघत नाही, रात्री लॅम्प बंद केल्यावरही 31 दाखवतो.