बोट चकचकीत आली, पण वजन ३९ किलोंनी जास्त होतं

ज्यांच्याकडे फायबरची जुनी शिडाची बोट पडून आहे आणि ती दुरुस्त करून पुन्हा पाण्यात सोडायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी पहिला हप्ता देण्याआधी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. माझे ८५ हजार रुपये गेले. पण त्याहून जास्त टोचतं ते वेगळंच. ७८ वर्षांच्या मामाला मी फोन करून सांगितलं होतं, "मामा, बोट तयार झाली." ती तयार झालेली नव्हती. नुसती रंगवलेली होती.

बोट एंटरप्राइज वर्गातली. जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये हिचा आराखडा केला. दोन माणसांची, चार मीटरच्या किंचित वर लांब, आणि निळ्या शिडांमुळे लांबूनही ओळखू येणारी. आधी ती प्लायवूडची बांधत, पुढे फायबरची होऊ लागली. आपल्याकडे सैन्यदलांमुळे ती रुजली, खडकवासल्याला एनडीएची मुलंसुद्धा हिच्यावर हात बसवत आली. मामा नौदलात होता. १९८२ च्या दिल्ली आशियाडमधल्या शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या, फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्ण मिळवलं, ते दिवस मामा अजून काल घडल्यासारखे सांगतो. निवृत्तीनंतर त्याने ही बोट जुनी म्हणूनच घेतली होती. मी नववीत असताना किहीमच्या पाण्यात त्याने मला हिचं सुकाणू धरायला शिकवलं.

मग त्याचे गुडघे गेले. बोट वाडीत नारळाखाली १२ वर्षं पडून राहिली. वरची ताडपत्री फाटली आणि दर पावसाळ्यात आत पाणी साचत गेलं. गेल्या वर्षी होळीला मी नीट पाहिली तेव्हा मागच्या उभ्या फळीत, जिथे सुकाणू अडकवतात तिथे, स्क्रू बोटाने फिरत होते. ही फळी म्हणजे फायबरच्या दोन थरांमध्ये दाबलेलं प्लायवूड. पाणी स्क्रूच्या भोकातून आत शिरतं आणि बाहेरून काही दिसत नसताना आतलं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं होतं. सेंटरबोर्डच्या, म्हणजे तळातून पाण्यात सोडायच्या फळीच्या, पेटीशेजारचा तळही अंगठ्याने दाबला की दबत होता.

ओळखीतल्या एकाने पनवेलच्या पुढच्या एका कारागिराचं नाव सुचवलं. खाडीकाठी शेड, बाहेर कोळ्यांच्या दोन होड्या, हातावर रेझिनचे, म्हणजे फायबर घट्ट करणाऱ्या चिकट द्रवाचे, वाळलेले ठिपके. माणूस बोलायला गोड. त्याने बोट पाहिली, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, असली बोट आता बघायला मिळत नाही. हिला मी स्वतःच्या हाताने करणार, पोरांच्या हातात देणार नाही." मागची फळी संपूर्ण काढून पाण्यात टिकणारं नवीन मरीन प्लाय, सगळं काम इपॉक्सी रेझिनमध्ये, वरून जेलकोट म्हणजे फायबरवरचा कडक, चकचकीत थर, असं ठरलं. ४० हजार आगाऊ, २५ हजार अर्ध्या कामावर, २० हजार बोट ताब्यात देताना. पावती मागितली तर म्हणाला, "बिल केलं की जीएसटी लागतो, तुमचेच पैसे जातात." मी गप्प बसले. दुसरा हप्ता त्याने भाच्याच्या खात्यावर मागितला, तेव्हाही गप्प बसले. मी दिवसभर बँकेत दुसऱ्यांचे व्यवहार तपासते. माझ्या समोर कुणी ग्राहक असं करताना दिसला असता तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं.

इपॉक्सीवर मी अडून बसले होते त्याला कारण होतं. आपल्याकडे फायबरची होडी बांधतात ती पॉलिएस्टर रेझिनमध्ये, आणि नवीन होडीसाठी ते चांगलंच आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण जुन्या, कधीच कडक झालेल्या फायबरवर नवा पॉलिएस्टरचा थर फक्त खरवडलेल्या पृष्ठभागाला धरून राहतो. इपॉक्सीची पकड याहून कितीतरी चांगली असते. म्हणून जुन्या बोटीचं जिवावरचं काम इपॉक्सीत करायचं. ते पॉलिएस्टरपेक्षा बरंच महाग पडतं आणि खरी मेख तिथेच आहे. दोन्ही सुकल्यावर, वर रंग बसल्यावर, नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही.

जून उजाडला तरी बोट होती तशीच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि सगळ्यांना दुरुस्ती त्याच दोन महिन्यांत हवी असते, हे मला माहीत होतं. त्यामुळे "घाई आहे मॅडम" हे मला खरंच वाटलं. दोनदा जाते म्हटलं, तर एकदा शेडमध्ये पाणी भरलंय आणि एकदा घरी मयत झालंय असं कळवलं. त्याऐवजी व्हॉट्सॲपवर पाच फोटो आले. उघडी केलेली मागची बाजू, नवीन पिवळं प्लाय, त्यावर ओली चकाकणारी फायबरची मॅट. मी २५ हजार पाठवले.

ते फोटो मी मामाला तेव्हाच दाखवायला हवे होते. त्याच्याकडे साधा फोन, म्हणून राहून गेलं. पुढे ऑक्टोबरमध्ये मोठे करून छापून नेले, तर त्याने चष्मा लावून पहिल्याच फोटोवर बोट ठेवलं. "ही आपली नव्हे गं. हिचं पोट गोल आहे." एंटरप्राइजच्या अंगाला दोन्ही बाजूंना दोन-दोन स्पष्ट कडा असतात, फळ्या जोडल्यासारख्या. फोटोतली बोट अंड्यासारखी गुळगुळीत होती. पाचही फोटो कुणा दुसऱ्याच्या बोटीचे होते.

नवरात्राच्या सुमारास बोट टेम्पोतून आली. पांढरीशुभ्र, बाजूने निळी पट्टी, आरशासारखी चमक. वाडीतली माणसं गोळा झाली. मामाने काठी टेकवत तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला मात्र एक वास आला, नाकात चढणारा, फायबरच्या कारखान्याबाहेर येतो तसा. कारागिराला विचारलं तर म्हणाला, "इपॉक्सीचाच आहे, महिनाभर राहतो." तो वास स्टायरिनचा, म्हणजे पॉलिएस्टरचा. इपॉक्सीला तसा वास नसतोच. एवढी एक गोष्ट मला ठाऊक असती, तर शेवटचे २० हजार तरी खिशात राहिले असते.

दोन दिवसांनी भरती बघून बोट पाण्यात घातली. मामा वाळूत खुर्चीवर बसला होता. गुडघाभर पाण्यातच मागची बाजू खाली बसलेली दिसली. मी सुकाणू अडकवलं, दांडी हातात घेतली, आणि एका साध्या लाटेसरशी खालची कडी चारही स्क्रूंसकट बाहेर आली. स्क्रूंच्या आट्यांत काळा, ओला भुसा होता. मी किनाऱ्याकडे पाहिलं. मामा एवढंच म्हणाला, "वर घ्या तिला."

वर ओढायला आलेल्यांत शेजारच्या पाड्यातले एक नाखवा होते, ज्यांची हयात होड्यांत गेली आहे. त्यांनी खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि तळावर ठोकत निघाले. टक, टक, टक. मग मागे गेल्यावर आवाज एकदम बसका झाला, थप, थप. "ताई, इथं आत काय नाय. नुसतं लिंपलंय." नाण्याची ही परीक्षा कुणालाही करता येते. फायबरचा थर आतल्या थराला नीट चिकटला असेल तर आवाज कडक येतो. सुटला असेल किंवा आत पाणी असेल तर बसका.

त्यांनीच पुढे विचारलं, "हिचं वजन किती पायजे?" मामा म्हणाला, "९४." एंटरप्राइजच्या नियमात रिकाम्या बोटीचं वजन ९४ किलो धरलेलं आहे, शर्यतीला उतरायचं तर त्याखाली चालत नाही. डोलकाठी, सुकाणू, सेंटरबोर्ड उतरवून आम्ही बोट रेवसच्या धक्क्यावर नेली, मासळी तोलायच्या दोन काट्यांवर नाळ आणि मागची बाजू ठेवली. पुढे ६१, मागे ७२. एकूण १३३.

३९ किलो जास्त. दुरुस्तीला देण्याआधी मी बोट तोलली नव्हती, त्यामुळे यातलं किती आधीपासून मुरलेलं पाणी आणि किती त्याने चढवलेलं, हे मला आजही पुराव्याने सांगता येत नाही, आणि समोरचा नेमका याच फटीतून निसटतो. देताना तोला, काट्याचा फोटो काढा, त्याच्या देखत काढा. दोनशे रुपयांचं काम आहे.

मग ग्राइंडरने मागच्या फळीत वितीएवढा चौकोन कापला. मोबाइलवर सगळं चित्रण चालू ठेवलं. वरून रंग, खाली गाडीच्या डेंटला भरतात ती पुट्टी, जवळजवळ नखाच्या रुंदीएवढी जाड. ही पुट्टी पाणी पिते, पाण्यात राहणाऱ्या वस्तूला ती लावायचीच नसते. तिच्याखाली मॅटचा एकच थर. तो मी बोटांनी ओढला आणि तो सबंध सोलून हातात आला. मागच्या बाजूला जुना रंग जसाच्या तसा चिकटलेला, म्हणजे खाली खरवडलंही नव्हतं. त्याच्याखाली आमचं तेच कुजलेलं लाकूड, पिळलं तर पाणी निघेल असं. फक्त वरच्या काठावर, जिथून डोकावून कुणी पाहू शकलं असतं तिथे, नवीन प्लायची एक पट्टी ठोकलेली होती. पट्टीवर अर्धा शिक्का होता, आयएस ३०३. मरीन प्लायचा क्रमांक ७१०. ३०३ हे साधं, घरातल्या फर्निचरचं.

जेलकोटही नव्हता. थिनरमध्ये फडकं बुडवून घासलं तर पांढरा रंग फडक्यावर उतरला. जेलकोट नीट कडक झालेला असेल तर असा उतरत नाही. दोरांच्या मूळच्या कप्प्याही बदललेल्या निघाल्या. मामाने वर्षानुवर्षं तेल देऊन जपलेल्या त्या चार कप्प्यांच्या जागी नव्या चकचकीत होत्या, आणि पंधरा दिवसांत त्यांच्याखाली गंजाचे तांबूस ओघळ आले. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे. बाकी सगळं कदाचित दुरुस्त होईल, त्या कप्प्या परत येणार नाहीत.

त्या माणसाने आधी फोन उचलला. "पाण्यात घालायची घाई तुम्ही केली" म्हणाला, मग "माझ्या पोरांनी घोळ केला", मग फोन बंद. पोलीस ठाण्यात हा दिवाणी मामला आहे असं सांगून परत पाठवलं. शेवटी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. बोट स्वतःच्या वापराची आहे, धंद्याची नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहावं लागलं. माझ्याकडे पावती नाही, पण व्हॉट्सॲपवर 'इपॉक्सी' आणि 'मरीन प्लाय' हे त्याचे शब्द आहेत, पैसे गेल्याच्या नोंदी आहेत, कापतानाचं चित्रण आहे आणि शिक्क्याची ती पट्टी मी पिशवीत घालून ठेवली आहे. कुणी असं काही उघडणार असाल तर आधी चित्रण सुरू करा, मग ग्राइंडर. आणि काम चालू असताना फळी बंद करण्याच्या दिवशी स्वतः जाऊन उभे राहा. रेझिनचे डबे, प्लायचा शिक्का, आतलं लाकूड, हे सगळं त्या एकाच दिवशी दिसतं. नंतर त्यावर मॅट चढते आणि मग दिसतो तो रंग.

काम आता मी, मामा आणि नाखव्यांचा मुलगा मिळून करतो, शनिवार-रविवारी. पुट्टी सगळी काढली, कुजलेलं लाकूड छिन्नीने खरवडून बाहेर टाकलं. बोट दोन टायरांवर उपडी घालून मार्चभर उन्हात वाळवली. दर रविवारी काट्यावर नेतो आणि मी आकडा वहीत लिहिते. गेल्या रविवारी मामाला यायला जमलं नाही, म्हणून धक्क्यावरून फोन लावला. म्हटलं, "मामा, मागची बाजू उघडीच आहे अजून. ८८ आली."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे फळीला सहा किलो आहेत आपल्याकडे."