सीपीएल फिल्टर (६७ मिमी): हतनूरच्या काठावर आणि हरिहरेश्वरच्या खडकांवर

खानदेशातून कोकणचा समुद्र गाठायचा म्हणजे रात्रभराचा प्रवास ठरलेलाच. म्हणून किनाऱ्यावरच्या छायाचित्रणासाठी घेतलेले साधन आधी घराजवळच्या पाण्यावर पारखून घ्यावे, असे माझे मत आहे. जळगावात घेतलेला हा सीपीएल (सर्क्युलर पोलरायझर) फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवून फिरवायची, चकाकी कापणारी काच, हतनूर जलाशयावर या परीक्षेला उतरला. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या शेकाट्या या लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या पायांभोवती एरवी पांढरी चकाकी येते. फिल्टरची कडी हळूहळू फिरवताच ती विरली आणि त्याचे गुलाबी पाय चिखलात टेकेपर्यंत स्पष्ट दिसू लागले.

या फिल्टरचे खरे मोल कळते ते हरिहरेश्वरला. ओहोटीनंतर तिथल्या खडकांच्या खळग्यांत पाणी साचून राहते आणि त्यात समुद्रफुले (फुलासारखे दिसणारे समुद्री प्राणी) व रिकाम्या शंखात घर केलेले खेकडे सापडतात, पण वरच्या आकाशाचे प्रतिबिंब त्यांना झाकून टाकते. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांचा कोन ठेवून कॅमेरा धरला, की हे परावर्तन जवळजवळ पूर्ण थांबते आणि समुद्रफुलाच्या मुखाभोवतीचा एकेक तंतू वेगळा दिसतो. सरळ वरून पाहिले, तर मात्र फिल्टरचा काहीच उपयोग होत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जास्त मागे हटत असल्याने जाण्याचा बेत त्याच दिवसांत आखावा.

सूर्यास्ताच्या वेळी फिल्टर काढून ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर त्याचा परिणाम सर्वाधिक होतो, सूर्याकडे तोंड केल्यावर जवळपास होतच नाही. शिवाय तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा होणे) आणि मावळतीच्या उजेडात वाळूवरून पळणारा खेकडा टिपताना ही तूट फार जाणवते.

कडी ओल्या बोटांतून निसटते, एवढी उणीव आहे. खाऱ्या पाण्याचे थेंब कोरड्या कापडाने न पुसता आधी गोड्या पाण्याने ओलावून मग टिपावेत, अन्यथा मिठाच्या कणांनी काचेवर ओरखडे पडतात. खरेदी करताना फिल्टर दुकानातल्या संगणकाच्या एलसीडी पडद्यासमोर धरून फिरवावा, पडदा काळवंडला पाहिजे. एकाहून अधिक लेन्स असतील, तर सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाचा घ्यावा; लहान लेन्सवर तो बसवण्यासाठीची जोडकडी, म्हणजे स्टेप-अप रिंग, स्वस्तात मिळते.